पोलीस वडिलांच्या नोकरीवर लिहिताना

चितेगाव, ता. पैठण

चि. भाचीस,


महाराष्ट्रात पोलीस शिपाई म्हणून भरती झालेला माणूस वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त होतो. विशीच्या सुरुवातीला भरती झालेल्याची नोकरी त्यामुळे सहज पस्तीस वर्षांच्या पुढे जाते. महिनाअखेरीला त्या महिन्यात निवृत्त होणाऱ्या सगळ्यांना अधीक्षक कार्यालयात एकत्र बसवतात, शाल-श्रीफळ आणि सन्मानपत्र देतात, वरिष्ठ दोन शब्द बोलतात. सन्मानपत्रावरचा मजकूर सर्वांना सारखाच असतो. घरच्या समारंभासाठी लेकीने लिहिलेला गौरवलेख त्याच मजकुराची लांबलेली प्रत होऊ नये, असे वाटत असेल तर त्याला नोकरीच्या खऱ्या तपशिलाचा आधार हवा. हा तपशील बहुतेक घरांत कुणालाच नीट माहीत नसतो.

पोलिसावर लिहायचे म्हटले की आधी पराक्रम आठवतो. तुकाराम ओंबळे यांचे नाव सर्वांच्या ओठांवर येते आणि ते यायलाच हवे. सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यातले केडंबे हे त्यांचे गाव. लष्करातली नोकरी करून ते १९९१मध्ये मुंबई पोलीस दलात आले. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीवरच्या नाकाबंदीत सहायक उपनिरीक्षक ओंबळे यांनी मुंबईवर हल्ला करणाऱ्या अजमल कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. कसाब जिवंत हाती लागला तो त्यामुळे. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ठाणे परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीलाही संशोधकांनी त्यांचे नाव दिले. पण त्या काही क्षणांच्या आधी मुंबई पोलिसातली सतरा वर्षे होती. नाकाबंदीवर रात्रभर उभे राहायचे, गाडी थांबवायची, आत डोकावून बघायचे, पुढे सोडायची, ही सवय त्या वर्षांत अंगी मुरलेली होती. लोकांच्या आठवणीत ती रात्र राहिली, सतरा वर्षे राहिली नाहीत.

ज्यांच्या नोकरीत अशी रात्र कधी आली नाही, त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही असे मुलांना वाटते आणि मग एखादा किरकोळ प्रसंग फुगवून सांगितला जातो. चोराचा पाठलाग लांबतो, एका आरोपीचे पाच होतात. समोरच्या खुर्च्यांवर बसलेले जुने सहकारी हसतात, कारण त्या रात्री तेही सोबत होते. फुगवलेला प्रसंग निवृत्त होणाऱ्यालाच सर्वांत जास्त अवघडून टाकतो.

शिपायाची नोकरी प्रशिक्षणापासून सुरू होते. मराठवाड्यातल्या कित्येकांचे प्रशिक्षण जालन्याच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात झाले. तिथून पुढे बक्कल नंबर लागतो. हजेरीत, ड्युटीच्या तक्त्यात, बंदोबस्ताच्या यादीत हा आकडा नावाच्या आधी येतो. घरात तो सर्वांना पाठ असतो. पहिली नेमणूक कुठे झाली, असे विचारले तर मात्र मुले आईकडे बघतात. पहिली काही वर्षे बहुतेकांची पोलीस मुख्यालयात जातात. मुख्यालयातला शिपाई म्हणजे जिथे कमी तिथे आम्ही. कोषागाराला गार्ड लागतो, हर्सूल कारागृहातून कोर्टात आणि कोर्टातून परत हर्सूलला कैदी पार्टी न्यावी लागते, घाटी रुग्णालयात दाखल झालेल्या आरोपीच्या खाटेशेजारी रात्र काढावी लागते. कैदी पळाला तर निलंबन ठरलेले. तो पळाला नाही तर कागदावर एका ओळीचीही शाबासकी नाही. कैदी पार्टीत वर्षे काढलेल्या शिपायाच्या नावावर एकही पळालेला कैदी नसणे ही कामगिरी आहे, आणि ती कोणत्याही सन्मानपत्रात येत नाही. लेखात ती यावी.

मुख्यालयातून पोलीस ठाण्यात बदली झाली की कामाचे स्वरूप पालटते. सिनेमातल्या पोलिसाच्या हातात काठी आणि पिस्तूल असते, ठाण्यातल्या पोलिसाच्या हातात बहुतेक वेळ पेन असते. ठाणे अंमलदार येणाऱ्याची हकिकत ऐकतो, ती दखलपात्र की अदखलपात्र हे ठरवतो आणि लिहून घेतो. स्टेशन डायरीत कोण आले, कोण गेले, गस्त कधी निघाली, वायरलेसवर काय संदेश आला, याच्या वेळेनिशी नोंदी होतात. मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात चोरीच्या मोटारसायकलींपासून खुनातल्या कुऱ्हाडीपर्यंत सगळे असते. दहा वर्षांनी कोर्टाने मागितले तरी ती वस्तू, तिच्यावरचे लेबल आणि लाखेची मोहर जशीच्या तशी हजर करावी लागते. समन्स आणि वॉरंट बजावायला गावोगाव हिंडणारा शिपाई पत्ते शोधतो, साक्षीदार मुंबईला कामाला गेल्याचे ऐकून परत येतो, पुढच्या तारखेला पुन्हा जातो. खटले उभे राहतात ते या पायपिटीवर. एखादा गुन्हा उघडकीस आणल्याची बातमी छापून येते, साक्षीदार तारखेला हजर ठेवल्याची येत नाही. पण शिक्षा लागते ती साक्षीदार हजर राहिला म्हणून.

या कामातला सर्वांत जड भाग अकस्मात मृत्यूचा असतो. पोलीस त्याला नुसते ‘एडी’ म्हणतात. विहिरीत सापडलेला मृतदेह, गोठ्यात घेतलेला गळफास, कीटकनाशक प्यायलेला शेतकरी, पैठण रस्त्यावर ट्रकखाली आलेला दुचाकीस्वार. बातमी लागली की बीट अंमलदार निघतो. पंच जमवायचे, मृतदेह बाहेर काढायला माणसे शोधायची, पंचनामा लिहायचा, वाहन मिळवून शवविच्छेदनाला पोचवायचे, डॉक्टर येईपर्यंत थांबायचे आणि शेवटी नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचे. यातले सर्वांत कठीण काम कोणत्याही नमुन्यात नाही: घरी जाऊन सांगणे. मराठवाड्यात शेतकरी आत्महत्यांच्या वर्षांत ग्रामीण ठाण्यांच्या पोलिसांनी हे काम किती वेळा केले असेल याचा विचार फारसा कुणी करत नाही. रात्री उशिरा आलेला बाप न जेवता आंघोळ करून झोपला, हे मुलांना आठवते. का, हे त्यांना तेव्हा कळलेले नसते. कळत्या वयात विचारले तर बहुधा सांगतात. विचारावे. मात्र जेवणाच्या ताटावर विचारू नये.

कागदाचे रूपही या पिढीच्या डोळ्यांदेखत बदलले. कार्बन लावून तीन-चार प्रतींत लिहिलेली फिर्याद संगणकावर आली, बिनतारी यंत्राच्या जोडीला मोबाइल आला, १०० क्रमांकाच्या जागी ११२ आला. १ जुलै २०२४पासून तर कायदेच बदलले. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तीस-पस्तीस वर्षे तोंडात बसलेले आकडे एका रात्रीत जुने झाले. खुनाच्या ३०२चे १०३ झाले, फसवणुकीच्या ४२०चे ३१८. प्रक्रियेच्या कायद्यातही फिर्याद घ्यायचे कलम १५४ होते ते १७३ झाले, अकस्मात मृत्यूचे १७४ होते ते १९४. निवृत्तीला काही महिने उरलेल्या हवालदाराने नवे आकडे वहीत उतरवून पाठ केले असतील, तर ती वही लेखात एखाद्या पदकाइतकी शोभते.

चितेगाव बिडकीन पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते. या भागातल्या पोलिसाचे काम शेतीच्या बांधावरून सुरू होऊन कारखान्याच्या फाटकापर्यंत आले. विडिओकॉनसारख्या कारखान्यांमुळे बाहेरची माणसे आली, भाड्याच्या खोल्या वाढल्या, पैठण रस्त्यावरची वाहने वाढली. पुढे बिडकीनला औद्योगिक वसाहतीसाठी मोठी जमीन संपादित झाली. बांधाच्या भांडणात दोन्ही बाजूंची तीन पिढ्यांची ओळख बीट अंमलदाराला असायची. परगावच्या कामगाराच्या मारामारीत नाव-पत्त्यापासून सुरुवात करावी लागते. पोलीस पाटलाचे महत्त्व अशा वेळी कळते. ग्रामपोलीस अधिनियम १९६७चा असला तरी पाटलाशी नाते कायद्याने जुळत नाही, चहाने जुळते. हद्दीतल्या गावांचे पोलीस पाटील निवृत्तीच्या समारंभाला आपणहून आले, तर ती त्या हवालदाराच्या बीटवरच्या कामाची खरी पावती समजावी.

बंदोबस्त हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे आणि लेखात त्याला भरपूर जागा द्यावी. मराठवाड्यातल्या पोलिसाचे वर्ष सणांनी नाही, बंदोबस्तांनी मोजले जाते. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठी असते. संत एकनाथांनी १५९९मध्ये याच तिथीला गोदावरीत समाधी घेतली. शेकडो दिंड्या येतात. घाटावर, वाळवंटात, मंदिराच्या दारात माणूस हलायला जागा नसते. पोलिसाचे पंढरपूर आणि पैठण दोन्ही देवळाच्या बाहेर असते. दर्शनरांगेपासून चार हातांवर तीन दिवस उभे राहून दर्शन न घेता परतलेले कितीतरी जण या खात्यात आहेत. याउलट काही बंदोबस्त इतिहासात नोंदले गेले. नव्वदच्या आसपास भरती झालेल्याच्या वाट्याला ३० सप्टेंबर १९९३ आला. गणेश विसर्जनाचा बंदोबस्त आटोपून पाठ टेकते न टेकते तोच पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि विभागातल्या पोलिसांना लातूर-उस्मानाबादकडे धाडण्यात आले. ढिगारे उपसणे, ओळख पटवणे, चितांसाठी लाकूड पुरवणे, गर्दी आवरणे, चोऱ्या रोखणे, सगळे एकदम. साडेतीन महिन्यांत, १४ जानेवारी १९९४ला, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. नामांतराच्या १९७८च्या ठरावानंतर उसळलेल्या दंगली सर्वांच्या स्मरणात होत्या. या वेळी काय होईल या धास्तीने गावोगाव पोलीस ठेवले होते. पुढे ९ ऑगस्ट २०१६ला औरंगाबादेत मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा निघाला. प्रचंड गर्दी, आणि तरीही शांतता. यात मोर्चेकऱ्यांचे श्रेय पहिले. पण रस्त्याच्या कडेला सकाळपासून उभा असलेला शिपाईही त्या शांततेचा भाग होता.

बंदोबस्त नीट झाला की सांगण्यासारखे काहीच उरत नाही, ही लिहिणाऱ्याची खरी अडचण असते. तिच्यावर उपाय एकच: नेमके विचारणे. कोणता पॉइंट होता, किती तास, जेवणाचे पाकीट किती वाजता आले, लघवीला कुठे जायचे, पाऊस आला तेव्हा आडोसा होता का, शेजारी कोण होते. महिला पोलिसांना यातला एक प्रश्न पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त छळतो, हेही तिथे लिहिता येईल. ‘कर्तव्यनिष्ठ’ हा शब्द गाळला आणि पॉइंटवरचे अठरा तास लिहिले तर वाचणाऱ्याला निष्ठा आपोआप दिसते.

कामाच्या तासांचा प्रश्न खात्यातल्याच एका साध्या कर्मचाऱ्याने धसास लावला, ही गोष्ट पोलिसांच्या घरांत माहीत असायला हवी. मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यातले रवींद्र पाटील यांनी आठ तासांच्या पाळ्या उपलब्ध मनुष्यबळात कशा बसवता येतील याचा आराखडा स्वतः तयार करून तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापुढे मांडला. मे २०१६मध्ये देवनारला तो प्रयोग सुरू झाला आणि नंतर मुंबईतल्या इतर ठाण्यांत नेण्यात आला. शिपायाने आयुक्तांना गणित करून दाखवावे आणि आयुक्तांनी ते ऐकावे, हे शिस्तीच्या खात्यात विरळाच. ग्रामीण ठाण्यांत मात्र ड्युटी संपण्याची वेळ आजही बहुधा कागदावरच असते.

घराचा हिशेब याच तासांतून येतो. पोलीस लाइनीतल्या दोन खोल्या, दर काही वर्षांनी बदली, दहावीच्या वर्षात बदललेली शाळा, दिवाळीच्या पहाटे रिकामा पाट, बहिणीच्या लग्नात अक्षता पडताना आलेला फोन. या गोष्टी लिहाव्यात, पण तक्रारीच्या सुरात लिहू नयेत आणि त्यागाच्या तर नाहीच. त्याग हा शब्द आला की आईच्या वाट्याचे काम झाकले जाते. शाळेतले पालक, दवाखान्यातले नातेवाईक, बँकेतले खातेदार, भावकीतले कर्ते, अशा वडिलांच्या सगळ्या जागा तिने भरून काढलेल्या असतात. पोलिसावरच्या गौरवलेखात निदान एक परिच्छेद पोलिसाच्या बायकोचा असला पाहिजे, आणि तो शेवटचे दोन शब्द म्हणून नको.

मुलीने पोलीस वडिलांवर कसे लिहावे याचे एक चांगले उदाहरण उपलब्ध आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या त्याच हल्ल्यात मारले गेलेले हेमंत करकरे यांची कन्या जुई करकरे-नवरे यांनी वडिलांवर इंग्रजीत लिहिलेले पुस्तक २०१९मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, प्रसिद्ध झाले. करकरे यांच्या मरणाभोवती इतके वाद उठले की त्यांचे जगणे दिसेनासे झाले होते. नागपूरला यंत्र अभियांत्रिकी शिकलेला, काही काळ खासगी कंपनीत नोकरी करून १९८२च्या तुकडीत भारतीय पोलीस सेवेत आलेला, चंद्रपूरला अधीक्षक असताना रानातल्या वाळक्या लाकडांतून शिल्पे घडवणारा, व्हिएन्नात परदेशी जबाबदारी सांभाळलेला आणि जानेवारी २००८मध्ये दहशतवादविरोधी पथकाचा प्रमुख झालेला हा माणूस मुलीला घरात कसा दिसला, हे तिने सांगितले. अधिकाऱ्याचे घर आणि शिपायाचे घर यांत अंतर आहे. बंगला आणि लाइनीतल्या दोन खोल्या यांची बरोबरी होत नाही. पण घाईने न लिहिता कागद, पत्रे आणि माणसे गोळा करून लिहिणे हे दोन्ही घरांना सारखेच जमण्यासारखे आहे.

कागदांत पहिला मान सेवापुस्तकाचा. त्यात भरतीची तारीख, नेमणुका, बदल्या, वेतनवाढी, बक्षिसे आणि शिक्षा क्रमाने असतात. त्यावर औरंगाबाद असेल तर लेखातही त्या काळासाठी औरंगाबाद लिहावे. छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३पासूनचे. बक्षिसांच्या नोंदी पन्नास-शंभर रुपयांच्या असतात आणि कधी कधी कारणासह असतात: अमुक गुन्ह्यातला फरारी आरोपी पकडल्याबद्दल. महासंचालकांचे सन्मानचिन्ह किंवा राष्ट्रपती पदक मिळाले असेल तर एका वाक्यात सांगावे, त्यावर पानभर लिहू नये. बढत्यांचा क्रमही नीट द्यावा. शिपाई, नाईक (हे पद २०२२मध्ये रद्द झाले), हवालदार, सहायक फौजदार अशी चढण एकेका पायरीला दहा-दहा वर्षे घ्यायची आणि कित्येकांच्या खांद्यावर निवृत्तीच्या तोंडावर तारे येतात. शिपायाच्या मुलांना वडील ‘साहेब’ झाल्याचे तेव्हा जास्त अप्रूप असते; वडिलांना बहुधा जुन्याच हाकेची सवय असते.

शिक्षांच्या नोंदी झाकू नयेत. इतक्या वर्षांत एकही कसुरी अहवाल नसलेला पोलीस विरळा. हजेरीला उशीर, बजावणीत दिरंगाई, वरिष्ठाशी वाद, यासाठी वेतनवाढ रोखली गेली असेल, तर वडिलांची संमती घेऊन ती गोष्ट लिहावी. समारंभात तेच वाक्य सर्वांत जास्त दाद मिळवून जाते. गंभीर प्रकाराबाबत मात्र नियम वेगळा. या खात्याने लोकांवर अन्यायही केला आहे. कोठडीतले मृत्यू झाले आहेत, गरिबाची फिर्याद घेतली गेलेली नाही, हप्त्यांची चर्चा प्रत्येक गावात आहे. एका माणसाच्या चांगल्या नोकरीवरून साऱ्या खात्याला निर्दोष ठरवणारा लेख खोटा पडतो, आणि खात्याची बाजू मांडणे हे लेकीचे काम नाही. वडिलांनी कुठे हात उचलला नाही, कुठे पाकीट परत केले, कुठे गप्प बसावे लागले, एवढे त्यांच्याच शब्दांत यावे. गप्प बसल्याची आठवण त्यांनी सांगितली नाही तर आग्रह धरू नये.

फिर्यादी, साक्षीदार, अल्पवयीन आरोपी यांची नावे गौरवलेखात देऊ नयेत. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२प्रमाणे गुन्हा आहे. गावाचे नाव आणि साल एवढ्यानेही लहान गावात ओळख पटते. गोपनीय शाखेतली कामे आणि खबऱ्यांची माहिती निवृत्तीनंतरही बोलायची नसते. वडील तिथे थांबले की लिहिणाऱ्यानेही थांबावे.

जुन्या सहकाऱ्यांना भेटण्याचे काम समारंभाआधी करावे, कारण समारंभात सगळेच गोड बोलतात. एकाच बॅचचे दोघे-तिघे, एखादा ठाण्याचा चालक, एखादी महिला हवालदार आणि कोर्टातला एखादा कारकून, एवढ्यांशी सावकाश बोलले तरी नोकरीचा आराखडा उभा राहतो. लेख वाचायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत. उरलेला मजकूर वहीत ठेवावा, तो नातवंडांच्या उपयोगी पडेल. सेवापुस्तक पाहण्यासाठी वडिलांनी मुख्यालयातल्या आस्थापना शाखेत अर्ज द्यायचा असतो. निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांसाठी ते पुस्तक शेवटच्या महिन्यांत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत असते आणि तेव्हा हाती लागत नाही. अर्ज या आठवड्यातच द्यायला लावावा.

तुझा,
मामा